पाहुण्याने काय विचारू नये

परगावी निघालेल्या माणसास उपदेश करण्याची हौस आपल्या समाजात फार जुनी आहे. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहून 'पाणी पाहून प्या', 'सारे पैसे एका खिशात ठेवू नका', 'पोहोचताच कळवा' असे बजावणारी आप्तमंडळी ज्यास लाभली नाहीत असा प्रवासी विरळा. या उपदेशाचा विशेष असा की, तो सर्वस्वी प्रवाशाच्याच हिताचा असतो. त्याचे पोट बिघडू नये, त्याचा खिसा कापला जाऊ नये, त्यास कोणी फसवू नये, एवढीच त्यातील चिंता. ज्या गावी तो जावयाचा त्या गावाचे त्याच्या हातून काही बिघडू नये, ही चिंता निरोप देणाऱ्यांपैकी कोणी वाहिल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकेही याला फारशी अपवाद नसतात. कोठे उतरावे, काय खावे, घासाघीस किती करावी, हे सर्व त्यांत सापडते. परंतु आपण तेथे कोण म्हणून जात आहोत, हा प्रश्न त्यांस शिवत नाही.

हा प्रश्न मनात उभा राहण्यास निमित्त झाले ते आमच्या राहात्यातील एक स्नेही कुटुंब. ही मंडळी येत्या भाद्रपदात मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुईस येथे आठ-दहा दिवसांसाठी जावयाची आहेत, आणि चार पुस्तके चाळण्याची सवय मला असल्यामुळे तेथे कसे वागावे, काय पाहावे याचे टिपण करून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले. बोलता बोलता घरातील वडीलधाऱ्या काकांनी एक वाक्य सहज उच्चारले: "भाषा फ्रेंच असली म्हणून काय झाले? तेथे आपली मराठी माणसे आहेत. म्हणजे घरीच जाणे आहे." या वाक्यात प्रेम आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक हक्कही लपलेला आहे, आणि तो हक्क आपणांस कोणी दिला याचा विचार करू लागल्यावर टिपणाची चार पाने झाली ती झालीच, वर हा लेखही झाला.

प्रथम त्या नगरीविषयी थोडे. मॉरिशसवर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले, त्यांची वसाहत टिकेना म्हणून ते निघून गेले. मग फ्रेंच आले. माहे द ला बूर्दोने हा फ्रेंच गव्हर्नर १७३५ साली तेथे उतरला आणि डोंगरांच्या कुशीतील एका जागी त्याने नांदते बंदर उभे केले. तेच पोर्ट लुईस. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज राखण्याचे त्यांनी कबूल केले. त्यामुळे निशाण बदलले तरी जीभ बदलली नाही. पुढे १९६८ च्या १२ मार्च रोजी देश स्वतंत्र होईपर्यंत इंग्रजांचा अंमल राहिला. तरी आजही विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत, वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये, आणि रस्त्यावरची, स्वयंपाकघरातली, भांडणाची व लाडाची बोली क्रिओल, असा तेथील भाषांचा संसार आहे. ही क्रिओल म्हणजे आफ्रिकेतून व मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी धन्याच्या फ्रेंचमधून आपल्यापुरती घडविलेली भाषा. पंडितांनी तिला दीर्घकाळ अशुद्ध फ्रेंच म्हणून हिणविले. ज्या काळी संस्कृताचे अभिमानी मराठीला असेच काही म्हणत होते, त्या काळाची आठवण असणाऱ्या समाजाने तरी तिच्याकडे नाक मुरडून पाहू नये.

नगरी दिवसा अत्यंत गजबजलेली असते. मध्यवर्ती बाजारात भाजीचे ढीग, लोणच्यांचे वास, विक्रेत्यांच्या हाका. पलीकडे चिनी लोकांची पेठ, राजरस्त्यावर जुम्मा मशीद, 'प्लास द आर्म' या चौकात ला बूर्दोनेचा पुतळा, आणि डोंगराच्या पायथ्याशी शां द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान, जेथे १८१२ पासून शर्यती होत आल्या आहेत. बाजारात आलुदा म्हणून दुधाचे थंड पेय मिळते, त्यात सब्जा असतो. गातो पिमां हे नाव ऐकून दचकू नये. ते आपल्या डाळवड्याचेच भाऊबंद. आणि डाळपुरी तर पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणावी, मात्र ती उभ्याउभ्या, कागदात गुंडाळून खावयाची असते. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की माणसे आतील गावांकडे परततात आणि रस्ते लवकर ओस पडतात. यास्तव शहर पाहावयाचे ते सकाळी. २०१९ साली उद्घाटन झालेल्या मेट्रोने आतील गावीही सुखाने जाता येते. भाद्रपद म्हणजे तेथील हिवाळ्याची अखेर, तेव्हा अंगावर घेण्यास एखादे लोकरीचे वस्त्र असावे. राहात्याचे पेरू नेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण फळे व रोपे परवान्यावाचून त्या बेटावर उतरवू देत नाहीत. व्यावहारिक सूचना एवढ्या पुरेत.

आता वागणुकीकडे वळू. दुकानात पाऊल टाकताच, काही मागण्यापूर्वी, 'बोंझूर' म्हणावे. निघताना 'मेर्सी' म्हणावे. आणि थोडा धीर आल्यावर 'की मान्येर?' म्हणजे 'कसे काय?' असे क्रिओलमध्ये विचारावे. ही पहिली रीत मूळची फ्रान्सची. पॅरिसमध्येही अभिवादन न करता एकदम भाव विचारणारा मनुष्य असभ्य ठरतो, मग त्याचे फ्रेंच कितीही अस्खलित असो. उलट, एवढे दोन शब्द म्हणून पुढे सारे इंग्रजीत बोलणाऱ्यास बहुधा प्रसन्न चेहऱ्याने उत्तर मिळते. आपल्या लोकांस ही रीत अवघड वाटते, कारण आपण दुकानदारास अभिवादन करीत नाही. 'अहो, साखर कशी दिली?' येथूनच आपला आरंभ होतो. त्यात आपला उर्मटपणा नसतो, कारण वाण्याशी आपला परिचय तीन पिढ्यांचा असतो आणि ओळखीच्या माणसास दारातून पुन्हा नव्याने ओळख द्यावी लागत नाही. परंतु परक्या गावी तो परिचय नसतो. तेथे अभिवादनावाचून मागणी करणे म्हणजे समोरच्या माणसास केवळ तराजूचे एक पारडे समजणे होय.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पाठ केलेले शब्द पोपटासारखे म्हणण्यात कसली सभ्यता? ज्याच्याविषयी आपणांस काहीच वाटत नाही त्यास 'सुप्रभात' म्हणणे हा दंभ नव्हे काय? मला असे वाटते की, हा आक्षेप घेणारे लोक सभ्यतेकडून नको ती अपेक्षा करतात. आपण वडिलांस नमस्कार करतो तेव्हा प्रत्येक वेळी अंतःकरण भरून येते असे नाही. कित्येकदा मन गाडीच्या वेळेत गुंतलेले असते. तरीही तो नमस्कार खोटा ठरत नाही. कारण नमस्कार ही भावनेची पावती नव्हे. 'तुम्ही येथे आहात हे मी पाहिले', एवढेच तो सांगतो, आणि तेवढे खरे असते. दंभ होतो तो, अभिवादन करून लगेच मनातल्या मनात त्या माणसाची किंमत ठरवू लागण्यात.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. 'आम्ही पैसे मोजतो. खोलीचे, जेवणाचे, गाडीचे. मग आमच्याकडे कोणाचे काय देणे राहिले?' या आक्षेपास उत्तर देण्यास आम्हा राहातेकरांइतके योग्य लोक थोडेच सापडतील. आमचे गाव स्वतः काही प्रवासवर्णनांत गाजलेले नव्हे. परंतु शिर्डी येथून दोन कोसांच्या आत आहे आणि नगर-मनमाड रस्त्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात. त्यामुळे पाहुणा यजमानाच्या बाजूने कसा दिसतो, हे पाहण्याची सोय आम्हांस घरबसल्या झालेली आहे. शिर्डीच्या दुकानदारांनी गरजेपोटी तेलुगू आत्मसात केली, हिंदी तर केलीच. आणि पैसेही तेथे पुष्कळ येतात. तरी ज्याला त्याला विचारून पाहावे, लक्षात राहतो तो कोण? पन्नास हार विकत घेणारा गृहस्थ लक्षात राहत नाही. दुसऱ्याच्या अंगणात गाडी लावण्यापूर्वी घरच्या म्हातारीस हात जोडून विचारणारा, आणि ती नको म्हणताच हसून पुढे जाणारा, लक्षात राहतो. रस्त्यालगतच्या शेतात उतरून मुलांसाठी दोन उसांची कांडी मोडणारा आणि हटकल्यावर 'किती पैसे झाले?' असे विचारणाराही लक्षात राहतो, निराळ्या कारणाने. त्याने पैसे देऊ केले नाहीत असे नाही. पैसे देऊ करण्याच्या रीतीनेच त्याने शेतकऱ्यास सांगितले की, या मातीत विकत न मिळणारे असे काही असेल हे आपणांस मान्य नाही.

साईबाबांची गोष्ट येथे आठवते. त्यांच्या दर्शनास आज जग लोटते, परंतु ते स्वतः एका बाजूस राहाता आणि दुसऱ्या बाजूस निमगाव यांपलीकडे फारसे गेले नाहीत, असे साईसच्चरितात म्हटले आहे. राहात्यास खुशालचंद यांच्या घरी ते येत, तेव्हा गावकरी वाजंत्री घेऊन त्यांस वेशीवर सामोरे जात. वेशीवर थांबणे हा त्या काळचा केवळ सोहळा नव्हता. वेस ही विचारण्याची जागा होती. येणारा थांबे, गाव पुढे येई, आणि मग दोघे मिळून आत जात. आजच्या प्रवाशास वेस लागत नाही. विमानतळावर त्याचा परवाना पाहतात एवढेच. पुढे तो जेथे जाईल तेथे आतच असतो. म्हणून वेस त्याने स्वतः बरोबर न्यावी लागते.

योगायोग असा की, पाहुण्याच्या अधिकारावर युरोपात ज्याने सर्वांत नेमके लिहिले, तोही फिरस्ता नव्हता. इमॅन्युएल कांट कोनिग्सबर्ग सोडून फार दूर कधी गेला नाही. परंतु १७९५ सालच्या शाश्वत शांततेवरील निबंधात त्याने एक भेद केला आहे, तो प्रत्येक प्रवाशाने पाठ करावा असा आहे. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अनंत अंतरापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून एकमेकांच्या दारी येणे अपरिहार्य. तेव्हा दारी आलेल्या परक्यास शत्रू समजले जाऊ नये, हा त्याचा हक्क. परंतु हा हक्क भेटीस येण्याचा आहे, पाहुणा म्हणून घरात ठेवून घेतले जाण्याचा नव्हे. ते सर्वस्वी यजमानाच्या कृपेवर अवलंबून. आणि हे लिहिताना कांटच्या डोळ्यांसमोर युरोपातील व्यापारी राष्ट्रे होती, ज्यांच्या लेखी परदेशास भेट देणे आणि तो जिंकणे यांत फरकच उरला नव्हता, हेही तो स्पष्ट सांगतो. फ्रेंच भाषेत मात्र यजमान आणि पाहुणा या दोघांसही 'ओत' असा एकच शब्द आहे. भाषेचे हे औदार्य मोठे मनोहर आहे. पण व्यवहारात कोण कोण आहे हे विसरून चालत नाही.

आणि पोर्ट लुईसमध्ये यजमान कोण? मूळ रहिवासी नाहीत, सारेच बाहेरून आलेले. कोणी तोफा घेऊन आले, कोणी बेड्यांत आले, कोणी करारावर अंगठा उमटवून आले. १८३५ च्या फेब्रुवारीत तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. तिच्या आदल्या वर्षीच, १८३४ च्या २ नोव्हेंबर रोजी, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी 'अॅटलस' नावाच्या जहाजाने तेथे उतरली. ते अवघे ३६ जण होते. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ ५ लक्ष माणसे गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून. परंतु मुंबईच्या बंदरातूनही गेली, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणपट्टीतली मराठी माणसे होती. जेथे घाम मुरला तेथला मनुष्य यजमान, अशी व्याख्या केली तर त्यांच्या वंशजांइतका यजमानपणाचा अधिकार क्वचितच कोणास पोहोचेल.

आता आपल्या काकांच्या वाक्याकडे परत येऊ. 'आपली माणसे.' महाराष्ट्रीय मनुष्य परदेशी आपला मनुष्य भेटताच दोन प्रश्न विचारतो: आडनाव काय, आणि मूळ गाव कोणते? या दोन प्रश्नांत आपणांस काहीही वावगे दिसत नाही; किंबहुना ते न विचारणे हाच आपल्याकडे परकेपणा समजतात. परंतु पोर्ट लुईसमधील मराठी वंशाच्या माणसास हे प्रश्न कसे ऐकू येतात याचा विचार करावा. त्याच्या आडनावाच्या जागी बहुधा पणजोबांचे किंवा खापरपणजोबांचे पाळण्यातले नाव असते. धक्क्यावर नोंद करणाऱ्या परभाषी कारकुनास जे ऐकू आले ते त्याने आपल्या लिपीत उतरवले, आणि तेच घराण्याचे नाव झाले. गावाचे नाव काही घरांत टिकले, पुष्कळांत पुसले गेले. या प्रश्नांपुढे तो मनुष्य गप्प होतो, आणि आपण मनात म्हणतो, 'अरेरे, काहीच राहिले नाही.'

काहीच राहिले नाही, ही गोष्ट मुळात खरी नाही. १८९६ सालापासून तेथे गणेशोत्सव होत आल्याचे तेथील मराठी मंडळी सांगतात. गणेशचतुर्थीस सर्व देशास सुटी असते. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने आजही नाचतात. मराठी तेथील शाळांतून ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च अध्ययन चालते. मराठी मंडळ्यांचा त्यांचा महासंघ आहे. नोटांवर देवनागरी अक्षरे आहेत, ती हिंदीची असली तरी वाचता येतात. परंतु माझा मुद्दा हा नव्हे. काहीच राहिले नसते तरी विचारण्याचा अधिकार आपणांस पोहोचला असता काय, हा मुद्दा आहे.

आणि दुसरे असे की, आडनाव विचारणाऱ्या आपल्या मनात खरोखर काय असते, ते आपण प्रामाणिकपणे पाहावे. आडनाव ही आपल्याकडे जातीची खिडकी आहे. समोरच्या माणसाचे आडनाव कळले की तो आपल्या मनाच्या कप्प्यात बसतो, आणि कळेपर्यंत तो अस्वस्थपणे दारात उभा राहतो. जहाजावर कित्येक आठवडे एका भांड्यातले पाणी प्यालेली माणसे जहाजीभाई झाली. जात पार नाहीशी झाली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती सैल करण्यास त्यांना समुद्र ओलांडावा लागला, आणि त्याची किंमत त्यांनी भरपूर मोजली आहे. आपण आठ दिवसांच्या तिकिटावर जावयाचे आणि पहिल्याच चहाच्या पेल्याबरोबर ती गाठ पुन्हा आवळावयाची, हे पाहुणेपण कसले?

येथे माझ्याशी वाद घालणारे मला दिसतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते म्हणतील, 'हा सारा संकोच ठीक आहे. पण भाषेचे काय? आपण गेलो, त्यांच्याशी मराठीत बोललो नाही, त्यांची मुले क्रिओलमध्ये बोलतात याची हळहळसुद्धा व्यक्त केली नाही, तर हा धागा एके दिवशी तुटेल. आपला मनुष्य चुकत असता गप्प बसणे हे सौजन्य, की उदासीनता?' मी हा प्रश्न हलका समजत नाही. भाषा मेली तर तिच्याबरोबर एका समाजाची विनोद करण्याची, रागावण्याची, मृत्यूपुढे बोलण्याची रीत मरते. आणि ती वाचविण्याची तळमळ ज्यास नाही तो सौजन्याच्या नावाखाली आळस लपवितो, असे म्हणता येईल.

यावर विचार करताना एका पाहुण्याचे उदाहरण उपयोगी पडेल. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानास परतताना गांधीजींची आगबोट पोर्ट लुईसला थांबली, आणि त्यांचा तेथे काही आठवडे मुक्काम झाला. त्यांनी तेथील भारतीयांस उपदेश केला: मुलांस शिकवा, सार्वजनिक कारभारात भाग घ्या. म्हणजे पाहुण्याने यजमानास उपदेश केला, आणि तो बेटावर आजतागायत स्मरला जातो. माझ्या विवेचनास हे उदाहरण वरकरणी विरुद्ध जाते. परंतु त्याचा उत्तरार्ध पाहावा. पुढे १९०७ साली गांधीजींच्या सूचनेवरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर मॉरिशसला गेले, १९११ पर्यंत राहिले, मजुरांचे खटले लढले, 'हिंदुस्थानी' नावाचे पत्र काढले. म्हणजे जो शब्द दिला त्याच्यामागे एका माणसाची चार वर्षे उभी राहिली. उपदेशाचा अधिकार असा मिळतो. ज्यास तेथील मुलांच्या मराठीची खरी काळजी आहे त्याने तेथे दोन वर्षे राहून शिकवावे, तेथल्या शिक्षकांना हवी ती पुस्तके पाठवावी, त्यांचे लेखन येथे छापावे. ज्याच्याजवळ आठच दिवस आहेत त्याने त्या आठ दिवसांपुरते त्यांचे मराठी ऐकावे. त्यात फ्रेंच शब्द येतील, क्रियापदे निराळी वळतील. ती सुधारू नयेत. सात-आठ पिढ्या समुद्रापलीकडे, शाळा नाही, छापखाना नाही, मायदेशातून पत्र नाही, अशा स्थितीत ज्यांनी चार शब्द जपले त्यांची परीक्षा घेणारे आपण कोण? त्या सगळ्या काळात आपण त्यांस विसरलो होतो, हेही हिशेबात धरावे. आपल्या इतिहासाच्या जाड ग्रंथांत अटकेपार गेलेल्यांची हकीकत पानोपानी आहे. बंदरावरून उसाच्या मळ्यांकडे गेलेल्यांस दोन ओळीही क्वचित मिळतात.

बंदराजवळ आप्रवासी घाट आहे, तो पाहावाच. पूर्वी त्यास कुली घाट म्हणत. हा शब्द तोंडी येऊ देऊ नये. १८४९ पासूनच्या त्या वास्तूचा थोडासाच भाग शिल्लक आहे, आणि २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचे स्थान दिले. जहाजातून उतरलेला मजूर ज्यांवरून वर चढे त्या दगडी पायऱ्या तेथे आहेत. एवढ्याशा पायऱ्यांवर छायाचित्र काढून घेण्याची इच्छा कोणासही होईल. मी एवढेच सुचविले आहे की, आधी त्या एकदा मुकाट्याने पाहाव्या आणि मग छायाचित्राची इच्छा उरली तर काढावे. स्थलांतरितांच्या नोंदवह्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. एखाद्या यजमानाने स्वतः होऊन म्हटले की, 'आमच्या पूर्वजांच्या गावाचे हे नाव येथे असे लिहिले आहे, ते कोठले असेल?' तर मात्र पाहुण्याचे काम सुरू होते. इंग्रजी अक्षरांत मोडलेले ते नाव घरी आणावे, रत्नागिरीच्या गावांच्या यादीशी ताडून पाहावे, कोणास तरी त्या गावी धाडावे, आणि जे सापडेल ते कळवावे. काही सापडले नाही तर तेही कळवावे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात मिरविण्यासारखे काही नाही.

तेथे प्रश्न विचारावयाचे ते यजमानाने. आणि तो विचारील. राहाता म्हणजे कोठे, तेथे पाऊस किती, काय पिकते? त्याची उत्तरे मनापासून द्यावी. ऊस पिकतो असे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलेल, कारण त्याच्या घराण्याची कित्येक वर्षे उसातच गेली आहेत. आपल्या तालुक्यातील प्रवरानगरची हकीकत मग अवश्य सांगावी: विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली शेतकऱ्यांच्याच मालकीचा साखर कारखाना कसा उभा केला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगीच आहे. ज्या देशात साखर कारखाने शतकभर गोऱ्या मळेवाल्यांचे होते तेथे ती कौतुकाने ऐकली जाईल. त्यानंतर तो आणखी एक प्रश्न विचारील. उसाच्या देशातील मनुष्यास तो सुचल्यावाचून राहावयाचा नाही: मग तुमचा ऊस तोडतो कोण? तेव्हा सांगावे लागेल की, दर हंगामात बीड जिल्ह्यातून, पाथर्डीच्या बाजूने बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे येतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत ती बांधलेली असतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आमच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर पाचटाच्या कोप्यांतून ती चार-पाच महिने राहतात आणि मुलांची शाळा तेवढे दिवस मागे गावी राहते. यजमान बहुधा यांतले प्रत्येक वाक्य ओळखील. हे सांगावयाचे किंवा नाही, आणि सांगावयाचे तर कोणत्या शब्दांत, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त निघण्यापूर्वी घरी ठरवून जावे, कारण तेथे चहाचा पेला हाती असता विचार करण्यास सवड मिळत नाही.